मेंदूच्या जोडण्यांचं रेकॉर्डिंग फिटच्या ऑपरेशनचा निकाल आधी सांगतं का?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. तेराव्या वर्षापासून फिट येतात. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, घसा आवळल्यासारखा होतो, मग तो एकटक बघत राहतो, ओठ चाटतो आणि दीड-दोन मिनिटांनी भानावर येतो. चार औषधं करून झाली, सध्या दोन चालू आहेत, तरी महिन्यातून पाच-सहा वेळा होतंच. एमआरआय नॉर्मल. पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा स्कॅन) डावा टेम्पोरल, म्हणजे कानशिलामागचा भाग मंद दिसला. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी स्टिरिओ-ईईजी, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक इलेक्ट्रोड घालून केलेलं रेकॉर्डिंग, करायला सांगितलं आहे. ताई लिहितात, "मेंदूची कनेक्टिव्हिटी रेकॉर्ड करून ऑपरेशन यशस्वी होणार की नाही ते आधीच कळतं असं वाचलं. मग ती तपासणी कुठे होते ते शोधावं का, आणि तोवर हे सगळं थांबवावं का?"

ताई, उत्तर आधी देते आणि कारणं नंतर. थांबू नका. कनेक्टिव्हिटी ही रक्त तपासण्यासारखी वेगळी जाऊन करून घ्यायची तपासणी नाही. भावाच्या डोक्यात जे इलेक्ट्रोड बसवायचं ठरतंय, त्यांच्यातून मिळणाऱ्या रेकॉर्डिंगवरच नंतर केलेलं ते गणित आहे. आधी रेकॉर्डिंग, मग गणित. उलटा क्रम लागूच शकत नाही. आणि "हे ऑपरेशन यशस्वी होणार" असं छातीठोकपणे सांगणारं गणित आज जगात कुठेही नाही.

म्हणून ते निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. वीसहून जास्त वर्षं मी हे आलेख वाचते. माझा अनुभव असा, की जोडण्यांचा अभ्यास "इथून कापा" हे सांगायला जेवढा कामी येतो त्याहून जास्त "अजून एक जागा तुम्ही तपासलीच नाहीत" हे सांगायला येतो. तुमच्या भावाला नेमका याचाच उपयोग होण्याची शक्यता आहे. तसं का वाटतं, ते तुम्हीच लिहिलेल्या एका वाक्यात आहे. त्या वाक्याकडे पुढे येते.

फिटचं ऑपरेशन म्हणजे मेंदूतला जो भाग फिट सुरू करतो तो काढणं किंवा निकामी करणं. ऐकायला सोपं आहे, पण हा भाग डोळ्यांना दिसत नाही. आमच्या शास्त्रात त्याची व्याख्या अशी आहे : मेंदूचा कमीत कमी असा भाग, जो काढल्यावर फिट थांबतात. म्हणजे तो नेमका कुठे आणि केवढा होता हे फिट थांबल्यावरच कळणार. तोवर आमच्या हातात असतात ते अंदाज. फिटची सुरुवात कशी होते, व्हिडिओ ईईजीत काय दिसतं, एमआरआयमध्ये डाग आहे का, पेटमध्ये कुठला भाग मंद आहे, स्मरणशक्तीच्या चाचण्या काय सांगतात. हे सगळे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, टेम्पोरल भागाच्या आतला, स्मरणशक्ती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला स्पष्ट दिसत असेल आणि फिटही त्याच बाजूची असेल, तर डोक्यात तारा घालायची गरजच पडत नाही. असा रुग्ण थेट ऑपरेशनला जातो आणि निकालही सगळ्यात चांगला त्याचाच लागतो. एमआरआयमध्ये डाग दिसणाऱ्यांचं फिटमुक्त होण्याचं पारडं कोऱ्या एमआरआयवाल्यांपेक्षा सुमारे अडीच पट जड असतं. तुमच्या भावाचा एमआरआय कोरा आहे, म्हणून डॉक्टर स्टिरिओ-ईईजी म्हणतायत, आणि ते बरोबरच म्हणतायत.

फिट एका बिंदूतून निघते की जाळ्यातून, हा वाद जुना आहे. लंडनला व्हिक्टर हॉर्सले यांनी १८८६ साली फिटसाठी कवटी उघडली, तेव्हा रुग्णाच्या डोक्याला लहानपणीच्या माराची खूण होती; जागा वेगळी शोधावी लागली नाही. पुढे माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड जाग्या रुग्णाच्या मेंदूला हलकी वीज लावून जागा शोधू लागले. वेल्लोरचे डॉ. जेकब चंडी त्यांच्याकडेच शिकून आले होते आणि १९५०च्या दशकात आपल्याकडे फिटची ऑपरेशनं त्यांनी सुरू केली. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयातल्या झाँ तालेराक आणि झाँ बाँको यांनी वेगळी वाट धरली. ते म्हणाले, फिट एका ठिपक्यात राहत नाही, ती दोन-चार जागांच्या संगनमताने उभी राहते, तेव्हा खोलवर अनेक ठिकाणी एकाच वेळी ऐका आणि कोण कोणाच्या आधी बोलतं ते बघा. स्टिरिओ-ईईजीचा जन्म या विचारातून झाला. आजची कनेक्टिव्हिटी म्हणजे याच विचाराला जोडलेला संगणक.

जोडणी मोजतात म्हणजे काय करतात, हे दिंडीच्या उदाहरणाने सांगते. दोन टाळकरी वीस पावलांच्या अंतरावर एकाच ठेक्यात टाळ वाजवत चाललेत. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हे एकमेकांचं ऐकून वाजवतायत. कदाचित तसं असेलही. पण कदाचित ते दोघंही मधल्या पखवाजाचं ऐकत असतील, आणि एकमेकांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतही नसेल. नुसता ठेका जुळतोय यावरून हे कळत नाही. दोन इलेक्ट्रोडमधल्या लहरी बरोबरीने वर-खाली होतात, त्याला आम्ही कार्यात्मक जोडणी म्हणतो, आणि तिच्यात हाच घोळ असतो. कोण काही मिलिसेकंद आधी आणि कोण मागून, हे काढलं की दिशेचा अंदाज येतो. खरा रस्ता, म्हणजे मेंदूच्या आतले तंतू, हा तिसरा प्रकार. तो एमआरआयच्या एका खास पद्धतीने रेखाटतात. तुम्ही जे वाचलंत त्यात बहुधा या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली आल्या असतील. त्या एक नाहीत, आणि एका प्रकारचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

पखवाजाचा घोळ आम्हाला रोज भेटतो. सगळ्या कॉन्टॅक्टवरची (इलेक्ट्रोडवरच्या वीज टिपणाऱ्या जागांवरची) वीज एका संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजलेली असते. त्या एका इलेक्ट्रोडमध्ये गडबड शिरली की ती सगळ्या ओळींत उतरते, आणि संगणक म्हणतो की सगळा मेंदू सगळ्याशी जोडलेला आहे. म्हणून शेजारच्या दोन कॉन्टॅक्टची वजाबाकी करून बघावं लागतं. वीज पसरते, त्यामुळे जवळजवळच्या कॉन्टॅक्टमध्ये जोडणी नेहमीच जास्त दिसते. झोपेतली जोडणी वेगळी, जागेपणीची वेगळी. औषध कमी केल्यावर वेगळी, आणि नुकतीच फिट येऊन गेली असेल तर आणखी वेगळी. हे सगळं सांभाळलं नाही तरी लाल-निळ्या रेघांचं देखणं चित्र तयार होतंच, आणि ते चुकीचं असतं. कोणी असं चित्र हातात दिलं तर रेकॉर्डिंग कधीचं, झोपेतलं की जागेपणीचं, आणि शेवटच्या फिटनंतर किती तासांनी घेतलेलं, एवढं जरूर विचारा.

या घोळातून सुटायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आपणच एक टाळ वाजवून कोण उत्तर देतं ते बघणं. तो मी जवळून दाखवते. रुग्णाची ओळख लपावी म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा तिशीच्या आतला. डोक्याला फेट्यासारखं बँडेज, त्यातून डाव्या बाजूने बारा तारांचा जुडगा निघून भिंतीवरच्या खोक्यात गेलेला. एकेक इलेक्ट्रोड जेमतेम ०.८ मिलिमीटर जाड, आणि त्याच्यावर दोन-दोन मिलिमीटरचे कॉन्टॅक्ट ओळीने. आठवड्याभरात पुरेशा फिट रेकॉर्ड झाल्या होत्या, औषधं पुन्हा पूर्ण डोसवर आणली होती. आई पायाशी बसून त्याची टाच दाबत होती. आम्ही हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या दोन कॉन्टॅक्टमधून सेकंदाला एक असा सौम्य विजेचा पल्स द्यायला सुरुवात केली. प्रत्येक पल्स एक मिलिसेकंदाहूनही लहान. आईने विचारलं, "सुरू झालं का?" पल्स देऊन वीस झाले होते. त्याला काहीच जाणवत नव्हतं, तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

पडद्यावरही आधी काही दिसत नाही, फक्त सेकंदाला एक सरळ उभी रेघ. पण तीस पल्सची सरासरी काढली की मेंदूची नेहमीची खळबळ आपसांत रद्द होते आणि दर वेळी ठरलेल्या क्षणी येणारी लाट तेवढी शिल्लक राहते. पल्सनंतर साधारण १० ते ५० मिलिसेकंदांत येणारा पहिला टोकदार खळगा, त्याला एन-१ म्हणतात. हिप्पोकॅम्पसशेजारच्या अमिग्डालात तो आला, टेम्पोरल भागाच्या टोकाला आला. दोन्ही अपेक्षितच होते. पण टेम्पोरल भागाच्या आत दडलेल्या इन्सुलातल्या एका कॉन्टॅक्टवर तो इतका खोल आला की तंत्रज्ञाने आपणहून रेकॉर्डिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग उलट केलं : इन्सुलात पल्स, हिप्पोकॅम्पसवर कान. उत्तर आणखी मोठं. दोन्ही दिशांनी रुळलेली वाट होती.

त्याच्या फिट आम्ही सगळ्यांनी आधी बघितल्या होत्या आणि डोळ्यांना त्या हिप्पोकॅम्पसमधून सुरू होताना दिसल्या होत्या. त्या दुपारी तेच आलेख वेळेची पट्टी ताणून पुन्हा उघडले. इन्सुलाच्या त्याच कॉन्टॅक्टवर बारीक, जलद, कमी उंचीची लहर हिप्पोकॅम्पसच्या जवळपास अर्धा सेकंद आधी सुरू होत होती. चारही फिटमध्ये. ती आधीही तिथेच होती, आमचं लक्ष हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या लहरींकडे होतं. ऑपरेशनचा बेत बदलला. नुसता टेम्पोरल भाग काढायचा होता, त्यात इन्सुलाचा तो तुकडाही घेतला. तीन वर्षं झाली, त्याला फिट आलेली नाही.

याच्या उलट झालेली गोष्टही सांगायला हवी, कारण मी तिच्यातूनच शिकले. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा आलेख मी वाचला होता. इलेक्ट्रोड होते ते सगळे टेम्पोरल भागात. इन्सुलात एकही नव्हता. ती जागा खोल, रक्तवाहिन्यांच्या जाळ्याखाली, तेव्हा आम्ही तिला घाबरून असायचो. रेकॉर्डिंग स्वच्छ, सुरुवात टेम्पोरल, ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. पाच महिन्यांनी फिट परत आल्या, पहिल्यासारख्याच. ती फिटच्या आधी म्हणायची, "गळ्याशी कोणीतरी धरतंय." ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात तिच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर होतं.

ताई, आता तुमचं ते वाक्य. "पोटातून वर चढतं" ही टेम्पोरल फिटची अगदी ओळखीची सुरुवात. पण "घसा आवळतो" हे इन्सुलाचं लक्षण असू शकतं. इन्सुला टेम्पोरल भागाच्या लगेच आत दडलेली आहे आणि दोघांमधली वाहतूक एवढी दाट असते की एकीत सुरू झालेली फिट दुसरीत पोचायला वेळ लागत नाही. टेम्पोरल भागाबरोबर इन्सुला, कपाळामागचा तळभाग किंवा कानाच्या मागचा जोडभागही फिट सुरू करण्यात सामील असेल, तर त्याला "टेम्पोरल प्लस" म्हणतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १६८ रुग्णांच्या एका युरोपीय अभ्यासात ज्यांची फिट निव्वळ टेम्पोरल होती, त्यांच्यापैकी सुमारे ७४.५ टक्के लोक टेम्पोरल ऑपरेशननंतर १० वर्षांनी फिटमुक्त असण्याची शक्यता निघाली. टेम्पोरल प्लस असलेल्यांत तोच आकडा १४.८ टक्के. दोन्हीकडे कापलं ते टेम्पोरल भागातच. निकाल बदलला तो न कापलेल्या भागामुळे. जोडणी आणि निकाल यांचं नातं मला विचाराल तर ते या दोन आकड्यांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही रंगीत नकाशात दिसत नाही.

आता तुम्ही जे वाचलंत त्या दाव्यांकडे. ते खोटे नाहीत, पण त्यांचा आकार बघायला हवा. न्यूकॅसल आणि सिंगापूरच्या संशोधकांनी २०१७ साली रुग्णाच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमधून जाळ्याचं गणिती प्रारूप बनवलं, त्यात लुटुपुटूचं ऑपरेशन केलं आणि निकाल ८१ टक्के अचूक सांगितला. रुग्ण होते १६. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२१ साली ९१ रुग्णांवर काम केलं. मेंदूच्या जाळ्यातली कुठली गाठ जरा धक्का लागताच सगळ्यांना डळमळीत करते ते त्यांनी मोजलं. ज्या ४७ जणांचं ऑपरेशन अयशस्वी ठरलं होतं, त्यांपैकी ४३ त्या गणिताने ओळखले. एकूण अचूकता मात्र ७६ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. अपयश ओळखण्यात ते एवढं पटाईत असूनही एकूण आकडा खाली येतो, याचा अर्थ ज्यांचं ऑपरेशन प्रत्यक्षात यशस्वी झालं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनाही ते "जमणार नाही" म्हणालं. फक्त त्या गणितावर विसंबून ठरवलं असतं, तर आज फिटमुक्त असलेली ही माणसं घरी परत पाठवली गेली असती. म्हणून नकार देण्याचा अधिकार मी अजून कोणत्याही गणिताला देत नाही. शंका काढण्याचा देते.

टक्केवारी वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. एखाद्या केंद्रात शंभरातल्या ६५ जणांचं ऑपरेशन यशस्वी होत असेल, तर काहीही न मोजता प्रत्येकाला "यशस्वी होईल" म्हणणारा माणूसही ६५ टक्के अचूक ठरतो. शिवाय निकाल कधी मोजला? पहिल्या वर्षी फिटमुक्त असलेले सगळे पुढे तसेच राहत नाहीत. लंडनच्या ६१५ प्रौढांच्या दीर्घ अभ्यासात ५ वर्षांनी ५२ टक्के आणि १० वर्षांनी ४७ टक्के लोक फिटमुक्त होते; भान न हरपणाऱ्या छोट्या जाणिवा त्यात धरलेल्या नव्हत्या. जोडण्यांवरचे बरेच अभ्यास मात्र वर्षभराच्या निकालाशी पडताळलेले असतात.

मागे वळून केलेल्या अभ्यासात चमकणारी गोष्ट समोरासमोरच्या चाचणीत टिकतेच असं नाही. अतिजलद लहरींचं तसंच झालं. सेकंदाला ८० पासून ५०० पर्यंत कंपनं असलेल्या या लहरी फिटच्या मुळाची खूण आहेत असं आम्ही सगळेच वर्षानुवर्षं म्हणत होतो. नेदरलँड्समध्ये रीतसर तुलना झाली आणि २०२२ साली निकाल आला : ऑपरेशनच्या वेळी त्या लहरी बघून कापलेलं हे जुन्या पद्धतीने स्पाइक (आलेखातली टोकदार लहर) बघून कापण्याइतकं चांगलं आहे, हे सिद्ध करता आलं नाही. जोडण्यांच्या गणितांनाही अशाच कसोटीतून जावं लागेल. फ्रान्समध्ये मार्सेयच्या गटाने रुग्णाचा आभासी मेंदू संगणकात उभा करून त्याच्या आधारे ऑपरेशन ठरवण्याची मोठी चाचणी हाती घेतली, ती योग्य दिशा आहे.

मला स्वतःला ज्या शोधाने सगळ्यात जास्त विचार करायला लावलं, तो अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा. फिट नसतानाच्या रेकॉर्डिंगमध्ये मुळाची जागा सगळ्यांत जास्त आरडाओरडा करत असेल अशी आमची समजूत. त्यांना दिसलं ते वेगळंच. शांत वेळी त्या जागेकडे बाहेरून येणारी जोडणी दांडगी असते आणि तिच्यातून बाहेर जाणारी तुलनेने कमी. त्यांचा अर्थ असा, की बाकीचा मेंदू त्या जागेला वेसण घालून धरतो. वेसण सुटली की फिट येते. हे पुढेही खरं ठरत गेलं, तर फिटची वाट न बघता, औषधं कमी न करता, काही मिनिटांच्या शांत रेकॉर्डिंगवरून मुळाचा सुगावा लागू शकेल. आज स्टिरिओ-ईईजीसाठी रुग्णाला आठवडाभर किंवा जास्त काळ झोपवून ठेवतो आणि औषधं काढून घेऊन फिट येण्याची वाट बघतो. घरच्यांना ते दिवस किती जड जातात ते मी जवळून बघते, म्हणून या कामाकडे माझे डोळे लागलेले आहेत.

"नॉर्मल जोडणी किती असते" हे ठरवायचं कसं, हीही मोठी अडचण होती. निरोगी माणसाच्या डोक्यात कोणी इलेक्ट्रोड घालत नाही. माँट्रियलच्या गटाने त्यावर चांगला तोडगा काढला. फिटच्या रुग्णांच्या मेंदूतले जे कॉन्टॅक्ट निरोगी भागात पडले होते तेवढेच वेगळे काढले, १०६ रुग्णांचे १७७२, आणि त्यांचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. आता एखाद्या रुग्णाचा इन्सुलातला कॉन्टॅक्ट इतरांच्या इन्सुलाशी ताडून बघता येतो. एरवी आपण इन्सुलाची तुलना त्याच माणसाच्या हिप्पोकॅम्पसशी करत बसतो, आणि त्या दोघी मुळातच वेगळ्या.

एमआरआयवरून केलेल्या जोडणीबद्दल थोडक्यातच सांगते. फिलाडेल्फियाच्या संशोधकांना २०१७ साली असं दिसलं की टेम्पोरल ऑपरेशननंतरही ज्यांच्या फिट चालू राहिल्या, त्यांचा थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध खोलवर असलेला भाग, ऑपरेशनच्या आधीच जाळ्यातलं मोठं जंक्शन बनलेला होता. कारण पटण्यासारखं आहे; जंक्शन शिल्लक राहिलं तर गाडी दुसऱ्या रुळावरून जाते. पण एका रुग्णाचा निर्णय त्यावरून घ्यावा इतकी ही मोजणी पक्की नाही. हे स्कॅन इलेक्ट्रोड कुठे घालावेत हे ठरवायला मदत करतात, आणि मी त्यांचा तेवढाच उपयोग करते.

थांबू नका असं मी म्हणते त्याला जोडण्यांच्या अभ्यासातूनच मिळालेलं एक कारण आहे. मार्सेयमध्ये फाब्रिस बार्तोलोमेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली कुठली जागा फिटमध्ये किती लवकर आणि किती जोराने उतरते याचा निर्देशांक मांडला. टेम्पोरल फिटच्या रुग्णांत त्यांना दिसलं, की आजार जितकी जास्त वर्षं चालू, तितक्या जास्त जागा फिट सुरू करण्यात सामील. पाठोपाठ इतर कामांतून हेही दिसलं की जाळं जितकं पसरलेलं तितका ऑपरेशनचा निकाल कमजोर. जी मोजणी पूर्ण विकसित व्हावी म्हणून तुम्ही थांबायचा विचार करताय, तीच मोजणी सांगते की थांबण्यात जाळं पसरतं. भावाला १३ वर्षं झाली आहेत.

औषधांकडूनही आता फारशी आशा नाही. योग्य निवडलेली, योग्य डोसची दोन औषधं हरली की पुढच्या औषधाने फिट पूर्ण थांबण्याची शक्यता अगदी थोडी उरते. ग्लासगोच्या प्रसिद्ध अभ्यासात पहिल्या औषधाने ४७ टक्के लोक फिटमुक्त झाले, दुसऱ्याने आणखी १३, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयत्नांनी मिळून ४. ऑपरेशनची बाजू बघा. कॅनडातल्या २००१ सालच्या चाचणीत ८० रुग्ण होते; टेम्पोरल ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के वर्षभराने भान घालवणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांवरचे ८ टक्के. आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिथे ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. कोऱ्या एमआरआयवाल्या भावाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, त्याचे कमी असतील. तरीही पाचव्या औषधापेक्षा ते किती तरी बरे आहेत. स्टिरिओ-ईईजीत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो. तो लहान आहे पण आहे, आणि सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना तो माहीत हवा.

आता डॉक्टरांशी काय बोलायचं ते. इलेक्ट्रोड कुठे कुठे घालणार याचा नकाशा बसवण्याआधीच मागा, आणि सरळ विचारा : इन्सुलात आहे का, कपाळामागच्या तळभागात आहे का, आणि उजव्या बाजूला निदान एखादा आहे का? जिथे इलेक्ट्रोड नाही तिथली जोडणी कुठलाही संगणक सांगू शकत नाही, म्हणून हा प्रश्न सगळ्या गणिताच्या आधीचा. फिट रेकॉर्ड झाल्यावर एकेरी पल्सची तपासणी करणार का, हेही विचारा. भारतात स्टिरिओ-ईईजी करणाऱ्या मोठ्या केंद्रांत विजेचा प्रवाह देऊन मेंदू तपासण्याची सोय असतेच, कारण भाषेची जागा त्यानेच शोधतात. एकेरी पल्ससाठी वेगळं यंत्र लागत नाही, तासभराची सवड आणि सरासरी काढण्याची तयारी लागते. डावी बाजू असल्यामुळे नावं आठवणं आणि ऐकलेलं लक्षात राहणं यावर काय परिणाम होऊ शकतो, हा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न. त्याचं उत्तर स्मरणशक्तीच्या चाचणीचा अहवाल समोर ठेवून मागा. आणि जाळं फारच पसरलेलं निघालं, तर त्याच इलेक्ट्रोडमधून उष्णता देऊन दोन-तीन ठिपके निकामी करणं, थॅलॅमसला उत्तेजन देणारं यंत्र बसवणं, असे मार्ग आहेत का, याचीही चर्चा आधीच होऊ द्या. "ऑपरेशन नाही" असं उत्तर आलं तरी तिथे उपचार संपत नाहीत.

आणि एक काम आजच सुरू करा, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. पुढच्या दहा फिटच्या वेळी, भाऊ पूर्ण भानावर आला की लगेच, दुसरं काही बोलण्याआधी त्याला विचारा : आधी काय आलं, पोट की घसा? आपण सुचवू नका, तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहा. तोंडाला खूप लाळ सुटली का, ओठांना किंवा उजव्या हाताला मुंग्या आल्या का, तेही. भान जाण्याआधीची ती काही सेकंदं फक्त त्यालाच ठाऊक आहेत. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, आणि फिट संपल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवा. इलेक्ट्रोड कुठे घालायचे हे ठरवायला सगळे डॉक्टर एकत्र बसतील, तेव्हा ती वही टेबलावर असू द्या. घसा दहातून सात वेळा आधी येत असेल, तर इन्सुलात इलेक्ट्रोड हवाच, हे त्यांना वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.